जलपर्णीखालचे सोंस

बिसुनदेव सहनी लहानपणी वडिलांबरोबर कहलगावच्या गंगेत जाळं टाकायला जाई, तेव्हा नदीवर वल्ह्यांखेरीज आवाज नसे. धुक्यात कुठेतरी ‘सोंऽस’ असा श्वास सुटला की वडील वल्हं उचलून धरत. त्या श्वासावरूनच नदीतल्या आंधळ्या डॉल्फिनला सगळे मल्लाह, म्हणजे तिथले नावाडी-कोळी, सोंस म्हणतात.

मग होड्यांना डिझेलची इंजिनं लागली. जन्मभर इंजिनाशेजारी बसून बिसुनदेवचे कान अधू झाले. बायको रामरती म्हणे, “तुमच्याशी गुपित बोलायचं तर अख्ख्या घाटाला ऐकवावं लागतं.”

म्हातारपणी भागलपूरच्या निखत नावाच्या तरुण संशोधिकेने सोंसांच्या मोजणीसाठी त्याचीच होडी ठरवली. ती पाण्यात माइक सोडून आवाज टिपायची, म्हणून इंजिन बंद. कित्येक वर्षांनी बिसुनदेवने पुन्हा वल्हं हातात घेतलं.

त्या हिवाळ्यात पाणी ओसरलं आणि गावामागचा जुना सोता, गंगेचा लहान फाटा, नदीपासून तुटला. त्याआधी, दिवाळीनंतरच्या छठच्या सणाला, तिथे एक सोंस दिसला होता. नंतर पाणी जलपर्णीने झाकलं, तो वाट बंद होण्याआधीच नदीत निघून गेला असंच सगळ्यांनी धरलं. निखतने तरीही माइक सोडला. माणसाच्या कानाला न पोचणारा तो बारीक आवाज तिने यंत्रावर संथ केला, हेडफोन बिसुनदेवच्या कानांवर चढवला आणि आवाज पूर्ण वाढवला.

तापल्या वाळूत चणे फुटावेत तशी टिकटिक. थांबली, जवळ आली, आणि पहिलीत दुसरी मिसळली.

“चाचा, दोन आहेत,” निखत ओरडूनच म्हणाली.

बिसुनदेवने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. वडिलांना हे कधी ऐकायला मिळालं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

निखतने कळवल्यावर दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली. मल्लाहांनी कंबरभर चिखलात उतरून जलपर्णी उपसली, हलक्या हाताने जाळी ओढली. आधी आई सापडली, मग पिल्लू. ओल्या चादरींच्या झोळीत घालून दोघांना नदीवर नेलं. बिसुनदेव पिल्लाच्या झोळीचं टोक धरून चालत होता; वाटेत कोणी खांदा बदलायला आलं तरी त्याने दिलं नाही. पाण्यात सोडताच दोघंही मधल्या धारेकडे गेली.

घरी रामरतीने भात-मासळी वाढली आणि विचारलं, “काय बोलत होते ते सोंस?”

त्याने जीभ टाळूला लावून टिकटिक करून दाखवली. ती हसून लोटपोट झाली.

“पुन्हा करा,” ती म्हणाली.