बारा खटके

सकाळी शाळेचा ग्रुप फोटो काढून मास्तर घरी आला, आणि दिवस मावळायच्या आत गेला. मधले ते पाच-सहा तास अक्काच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाहीत.

मास्तर म्हणजे शिकवणारा नव्हे, फोटोवाला. अक्काच्या पाठचा भाऊ. घर अक्काचं, पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ, मागे चूल आणि ही दोघं. लग्न त्यानं केलं नाही, म्हणायचा, कॅमेऱ्याचे नखरे काय कमी आहेत. सगळ्यांत लहान भाऊ जवळच बायकोपोरांत राहायचा आणि दिवसभर स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर बसायचा. त्याला टक्कल पडलं तरी तो धाकटाच.

तर मास्तर कॅमेरा ऑटोवर म्हणून लावायचा नाही. फोकस कॅमेऱ्यानं करावा, पीं वाजवावं, पण उजेड किती घ्यायचा ते तो स्वतः ठरवणार. पुढच्या ओळीत पांढऱ्या शर्टाची पोरं आणि मागे काळ्या कोटातले हेडसर असले की ऑटो गोंधळतो, कुणाला तरी भूत करतो, असं त्याचं म्हणणं. कुणी जास्त शहाणपणा केला तर म्हणायचा, ऑटोवरच काढायचा तर माकडाच्या हातात द्या, तेही बटण दाबेल.

पण दोन वर्षांपासून डोळ्यांत मोतीबिंदू. जवळचे आकडे दिसेनात. म्हणून त्यानं युक्ती काढली. शटरचं चाक एका बाजूला फिरवत न्यायचं, ते चार हजाराला अडकतं, पुढे जातच नाही. तिथून उलटे खटके मोजायचे. बारा खटके झाले की अडीचशे; आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. शाळेच्या व्हरांड्यातल्या सकाळच्या उजेडाला अडीचशे बरोबर. उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचं चाकही तसंच, सगळ्यांत बारीक छिद्रापासून नऊ. घरी तो डोळे मिटून फिरवायचा आणि अक्का आकडा वाचायची. अक्का शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली, पण ते आकडे तिला पाठ झाले. ही गोष्ट तिघांनाच माहीत होती. बाहेर फुटली असती तर शाळेनं आंधळ्याला कशाला बोलावलं असतं? बावीस वर्षं ते काम त्याचं होतं. एवढा फोटो झाला की पुढच्या महिन्यात ऑपरेशन, तारीखसुद्धा घेतलेली.

आदल्या संध्याकाळी धाकट्यानं कॅमेरा पुसून ठेवतो म्हणून नेला, रात्री आणून दिला. अक्काला वाटलं, बरा आहे बाबा, भावाला जपतो.

शाळेतून दोघं आल्यावर धाकट्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. सगळे फोटो पांढरे फटक. पोरांना नाक नाही, डोळे नाहीत, मागे नुसता हेडसरांच्या कोटाचा आकार. मास्तर पडद्याला नाक लावून बघत राहिला. धाकटा हळूच म्हणाला, असू दे दादा, मी माझ्या कॅमेऱ्यानं दोन काढून ठेवले होते, हेडसरांना तेच देतो. तसं सांगून टाकलंय मी त्यांना, दादाचे डोळे गेलेत म्हणून.

 धाकटा निघून गेल्यावर मास्तरनं अक्काला जवळ बसवलं, चाक फिरवलं, बारा मोजले. कितीवर आला?

"साठ," अक्का म्हणाली.

पुन्हा मोजले. पुन्हा साठ. असं दहा वेळा तरी झालं. शेवटी त्यानं कॅमेरा मांडीवरून खाली ठेवला.

"तुला आकडे तरी येतात का गं? आयुष्यभर ठोंबी ती ठोंबीच."

अक्का उठून आत गेली. रागानं भात टाकला, त्याला हाक मारली नाही. चारच्या सुमाराला चहा घेऊन गेली तर तो खुर्चीतच एका बाजूला कललेला. डॉक्टर आले, म्हणाले, झटका. दिवस मावळायला सगळं संपलं.

पंधरा दिवसांनी अक्का कॅमेरा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. विकायला नाही. तिला एवढंच विचारायचं होतं, की बाबा, माझं वाचन चुकलं का त्याची मोजणी. दुरुस्तीवाल्यानं मागची बटणं दाबली आणि म्हणाला, मावशी, आत एक सेटिंग असतं, एका खटक्याला चाक किती सरकायचं त्याचं. आधी तीन खटक्यांत उजेड दुप्पट होत असणार, आता कुणीतरी दोनवर आणलंय. मग बाराला साठच येणार. आपोआप होतं का हे, अक्कानं विचारलं. छे, शोधून बदलावं लागतं.

म्हणजे मास्तर बरोबर होता आणि अक्काही बरोबर होती. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा तिसराच.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला, गळ्यात स्वतःचा कॅमेरा. म्हणाला, अक्का, स्टुडिओ उघडतो आता, शाळेनं पुढच्या वर्षीचंही मला सांगितलंय. अक्कानं विचारलं, चाकाचं सेटिंग तूच बदललंस ना? तो आधी हसला, मग जमिनीकडे बघत बसला.

"एकदा फोटो बिघडला की दादा आपणहून थांबेल, असं वाटलं गं. त्याला काही व्हावं असं नव्हतं मनात."

"मला ठोंबी म्हणून गेला तो," अक्का म्हणाली. "तुला नाही म्हणाला."

एवढ्यात एक माणूस दारात आला, चप्पल काढू का म्हणाला, पासपोर्टचा फोटो हवा होता. धाकटा लगबगीनं उठला, पांढरा पडदा सारखा करायला लागला. अक्का मध्ये जाऊन उभी राहिली.

"इथं फोटो निघत नाहीत भाऊ. कोपऱ्यावर एक दुकान आहे, तिथं जा."

माणूस एकदा तिच्याकडे, एकदा धाकट्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघत पायऱ्या उतरला. अक्का दार धरून तशीच उभी राहिली, धाकटा बाहेर पडेपर्यंत.