तथास्तु वकील

जालना जिल्ह्यातल्या तमाम भिंती, खांब, स्लॅब आणि गच्च्यांना जाहीर निवेदन: तुमच्या पोटात उभं राहून तुमच्याबद्दल एकही अभद्र शब्द न काढणारा वकील या जिल्ह्यात होऊन गेला. त्यांचा ज्युनियर या नात्यानं मी हे अत्यंत गांभीर्यानं, म्हणजे हसू दाबून, कळवतो आहे.

वास्तू सारखी 'तथास्तु' म्हणत असते, घरात वाईट बोललं की खरं होतं, ही समजूत घरोघरी असते. पण आमच्या साहेबांची वकिलीच बांधकामाच्या भांडणांची! "छत पडेल" एवढं सांगायलाही ते पक्षकाराला रस्त्यावर नेत. बाररूममध्ये त्यांचं नाव पडलं 'तथास्तु वकील'.

नव्वद सालच्या आसपास टेंभुर्णीचे किसनराव आले. नव्या घराच्या स्लॅबला हात जाईल एवढा तडा, आणि ठेकेदार दाद देईना. "पोरंबाळं त्याच्याखालीच झोपून राह्यलेत, साहेब. दुसरीकडं जागा न्हाई."

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "छताला धोका नेमका काय आहे?"

साहेबांनी डोक्यावरच्या जुन्या तुळयांकडे पाहिलं आणि घाम पुसत म्हणाले, "ते... खाली येण्याचा विचार करतंय."

सगळे हसले. अर्ज फेटाळला गेला. किसनरावांची पोरं तिथंच झोपत राहिली आणि साहेबांची झोप गेली.

मग पन्नाशी उलटलेला हा माणूस पुण्याच्या वाऱ्या करू लागला, बांधकाम कायद्यातला तज्ज्ञ वकील असं प्रमाणपत्र मिळवायला. "या वयात कशाला, साहेब?" मी विचारलं. त्यांनी भिंतीकडे चोरून पाहिलं आणि माझ्या कानाशी आले. "तिथं 'स्ट्रक्चरल फेल्युअर' म्हणायला शिकवतात. जजला कळतं, हिला न्हाई."

पास झाले. प्रमाणपत्र मात्र भिंतीवर लावलं नाही. तिला खिळा ठोकायचा म्हणजे काय! घरातल्या एका खुर्चीवर ते पाहुण्यासारखं बसवून ठेवलं.

नवा अर्ज केला. या वेळी इंग्रजी शब्द धडाधड पडले आणि पाहणीचा हुकूम झाला. भर दुपारी आम्ही सगळे त्या स्लॅबखाली उभे. किसनरावांची पोरं अंगणात खेळत होती. ठेकेदारानं भिंतीवर थाप मारली. "बिलकुल काय होत न्हाई! पडायचंच असंल तर पडू दे माझ्या डोक्यावर!"

वारा नव्हता. तरी वरून बारीक वाळू सरसरली.

साहेब पांढरेफटक पडले. "बाहेर! जल्दी!" म्हणत त्यांनी ठेकेदाराला गचांडी धरून ओढलं. आम्ही अंगणात पोचलो आणि मागे कुणीतरी जाडजूड माणूस खाकरावा तसा आवाज झाला. स्लॅब खाली आला, बरोबर ठेकेदार उभा होता तिथं.

पुढच्या तारखेची वाट न बघता त्यानं घर नवं बांधून दिलं.

पुढे साहेब वारले तेव्हा ठेकेदार भेटायला आला. बैठकीत दाटी होती, तरी प्रमाणपत्राच्या खुर्चीला कुणी हात लावला नाही. साहेबांचा मुलगा हुंदका देत म्हणाला, "बाबांमागं आता हे घर काही टिकत नाही..."

वर काहीतरी सरसरलं. निदान मला तरी तसं वाटलं. पण ठेकेदार उडी मारून दारात पोचलाही होता आणि तिथून ओरडला, "अरे पोरा, आत न्हाई! बाहेर ये, मंग बोल!"