आत्याचा दीड तास

आमची आत्या सोड्याच्या वाफेत म्हातारी झाली. चोवीस वर्षं रेशीमगिरणीच्या धुलाई खात्यात काढली आणि गिरणी बंद पडल्यावर एका प्रयोगशाळेत लागली. काम जवळपास तेच. सोड्याच्या पाण्यात कोष उकळून रेशमावरचा डिंक काढायचा.

पुढचं काम संशोधक बाईंचं. त्या रेशीम विरघळवून त्याचा पातळ पापुद्रा करायच्या आणि बळकटीसाठी त्यात कार्बनच्या नळ्या घालायच्या. केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून बारीक, दिसायला नुसती काजळी. तुटलेली नस जुळेपर्यंत अशा पापुद्र्याचा आधार देता येईल का, हे बाईंना बघायचं होतं. पण ताणयंत्रात लावला की पापुद्रा तुटलाच. काजळी वाढवली, कमी केली, तासन्‌तास घुसळली. पापुद्रा काही ऐकेना. महिनाअखेर जमलं नाही तर काम बंद, असं वरून आलं होतं. म्हणजे आत्याही घरी.

आत्याचा सगळा राग काजळीवर. पांढऱ्या रेशमात काळं कालवल्यावर दुसरं काय होणार, म्हणायची. स्वतःच्या धुण्यावर मात्र तिचा भारी विश्वास. बाईंनी दिलेल्या कागदावर उकळायला अर्धा तास लिहिला होता, तो तिला कामचुकारपणा वाटायचा. ती चांगला दीड तास उकळायची आणि कुणाला सांगायची नाही.

एक दिवस तिची दाढ ठणकली. अर्ध्या तासात भांडं उतरवून ती दवाखान्यात पळाली. आठवड्याभरानं एक पापुद्रा दुप्पट ताण सोसून गेला. बाईंनी वहीत श्रेय काजळीच्या नव्या मापाला दिलं. आत्यानं त्या रेशमाच्या डबीवरची उकळल्याची तारीख पाहिली. दाढेचाच दिवस. बोलावं तर नोकरी जाते. गप्प बसावं तर बाई पुढचं सगळं चुकीवर उभारणार.

"बाई, ते लिहिलेलं खोडा," ती म्हणाली. "इतके दिवस मीच रेशीम शिजवून शिजवून मारत होते."

"कागदावर अर्धा तास आहे ना, आत्या?"

"आहे की. मला वाटलं, शिकलेल्या माणसाला धुण्यातलं काय कळतंय."

बाईंनी तिला झाडलं ते अगदी मनसोक्त. मग दोन्ही तऱ्हेनं कोष उकळून घेतले. दीड तासाचं रेशीम काजळी घालूनही तुटलं. अर्ध्या तासाचं टिकलं, आणि काजळीनं आणखी चिवट झालं.

मुदत वाढवून मागताना बाईंनी चुकीबद्दल सगळं खरं लिहिलं, पण 'आमची चूक' असं. आत्यानं तो अर्ज मला दोनदा वाचायला लावला. तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मी जेवायला उठलो.