दोन सारखी उत्तरं

"दोनों में एक ही बात लिखी है. नकल किसने की, ये पूछना पड़ेगा क्या?"

गणिताच्या सरनं दोन पेपर वर्गासमोर धरले होते. एक माझा. दुसरा माझ्या मागं बसणाऱ्या पोराचा, त्याचे वडील स्टील प्लांटमध्ये मोठे अफसर. सरनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. माझं आडनाव तेवढं मोठ्यानं वाचलं.

"इन लोगों को सीट तो वैसे ही मिल जाती है. दिमाग़ क्यों लगाएँगे?"

वर्ग हसला.

नववीत होती मी. भिलाईत शाळा हिंदी, घरी मराठी.

सवाल असा होता: त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असल्या तर खालचे दोन कोनही सारखे, हे सिद्ध करा. सगळे वरच्या टोकापासून खाली रेषा टाकतात, दोन तुकडे एकरूप दाखवतात. मी रेषा टाकलीच नाही. घरी एकदा कागदाचा तसा त्रिकोण कापला होता. पालथा करून त्याच्याच जागेवर ठेवला, बरोबर बसला. तेच लिहिलं. त्रिकोण एकदा डावीकडून वाचा, एकदा उजवीकडून. दोन बाजू सारख्या, मधला कोन तोच. एकरूप. म्हणून खालचे कोनही सारखे.

मागच्यानं ते माझ्या खांद्यावरून उतरवलं. त्याले माहीत होतं. मलेही. तो पेनाचं टोपण चावत राहिला. त्याले पाचपैकी पाच. मले शून्य.

रडू नाही आलं. पंखा फिरून राहिला होता. तो पाहत उभी राहिली.

"कल बाप को लेके आना. माफ़ीनामा लिखना पड़ेगा."

बाबा त्याच प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीवर कामाले. सुट्टी टाकून आले. इस्त्रीचा शर्ट घालून. मले एका शब्दानं विचारलं नाही. स्टाफरूममध्ये गेले आणि सरसमोर हात जोडले.

"गलती हो गई साहब. बच्ची है."

मग माझ्या हातात पेन दिला. "लिहून टाक माय. शाळेतून काढतीन."

"मी नकल नाई केली, बाबा. कावून लिहू?"

मी सरकडं वळली.

"सर, दूसरा सवाल दीजिए. हम दोनों को. अभी, आपके सामने."

"ज़बान बहुत चलती है तेरी."

सवाल त्यांनी दिला नाही. मी कोरा कागद टेबलावर ठेवला, वर पेन ठेवला, बाहेर आली.

शून्य तसंच राहिलं. वर्षभर सरनं माझी वही तपासली नाही. तो पोरगा मागंच बसला, एकदाही बोलला नाही.

त्या दिवशी घरी जाताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "एक कागदच तं होता."

"तुमी विचारलं कावून नाई मले?"

ते सायकल ढकलत चालतच राहिले. मीही थांबली नाही.

"बाबा, माह्यासाठी कोनासमोर हात जोडाचे नाई. आजपासून. मले शाळेतून काढलं तरी नाई."

जे केलं नाही त्याची माफी मी तेव्हा लिहिली नाही. त्यानंतरही कुठं लिहिली नाही. लिहिणार नाही.