चौकशी माझी झाली

साहेबाने बँकेचा फोन स्पीकरवर टाकला आणि मला हातानेच खूण केली, तिथंच उभा राहा.

मी उभा राहिलो. पायात नुसते मोजे. सेफ्टी शूज बाहेर, दारापाशी. साइट ऑफिसात लेबरने बूट काढूनच यायचं, कार्पेट खराब होतं म्हणून. इंजिनियर लोकांचे बूट टेबलाखाली होते. त्यांनाही सौदीतल्या या राबिघचीच वाळू लागली होती, पण ती वाळू चालत होती. त्यांचा सकाळचा चहा चालला होता.

फोनवर कार्ड विभागाचा माणूस. हिंदीत बोलत होता, अगदी सभ्यपणे. हा माणूस तुमच्याकडे आहे का, काम काय करतो, याचा पगार दोन महिने खात्यात आलेला नाही, मग हा विमानाची तिकिटं कशी काढतो, आणि तीही दुसऱ्यांच्या नावांची? तिकिटांचा काही धंदा करतो का?

पाटणकर साहेब हसला. तो आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचा. माझ्याशी मराठीत बोलायचा, म्हणून कॅम्पात कुणी त्याला शिव्या घातल्या तर मी त्याची बाजू घ्यायचो. तो फोनवर म्हणाला, "ये लेबर कॅटेगरी का आदमी है. इसकी गॅरंटी मैं नहीं ले सकता."

फोन ठेवून त्याने शेजारच्या इंजिनियरकडे बघितलं आणि दोघं हसले.

त्याच दिवशी पहाटे माझी आई गेली होती.

गावाहून भावाचा फोन आला तेव्हा आमच्या कॅम्पात फजरची अजानसुद्धा झाली नव्हती. तो रडत नव्हता. त्याला बोलायचं होतं ते नीट बोलला. "भाई, उद्या जोहरपर्यंत थांबवतो. त्याच्या पुढं कोण ऐकणार नाय." आमच्यात मय्यत ठेवत नाहीत. आधीच उद्या म्हणजे खूप झालं. संध्याकाळचं जेद्दाहून विमान मिळालं तर पहाटे मुंबई, आणि तिथून गाडीने जोहरच्या, दुपारच्या नमाजाच्या, आत श्रीवर्धन. आई आजारी म्हणून गावी जाऊन परत यायचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा आधीच काढून ठेवलेला होता. फक्त तिकीट काढायचं होतं.

कार्ड घातलं. चाललं नाही. पुन्हा घातलं. पुन्हा नाही.

हे कार्ड माझ्याकडे आलं ते चांगल्या दिवसांत. आधीच्या कंपनीत मी स्कॅफोल्डिंगचा सुपरवायझर होतो. पगार वेळेवर यायचा, बँकेने आपणहून कार्ड दिलं. मग त्या कंपनीचं काम संपलं, या ठेकेदाराने मला घेतलं. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, बदलला, पगार कमी झाला आणि इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, हुद्दा पडला, आमिल. म्हणजे मजूर. काम तेच, पाइप तेच, उंची तीच.

कॅम्पात आम्हा रायगड-रत्नागिरीच्या पोरांची एक रीत आहे. ज्याच्याकडे कार्ड, त्याच्या कार्डावर तिकीट. गावी कुणाचं माणूस गेलं की आधी पोराला विमानात बसवायचं. मग पगाराला सगळ्यांनी मिळून रोकड मशीनमध्ये भरायची. कुणी लिहून ठेवत नाही, कुणी विचारत नाही. माती द्यायला पोचला पाहिजे, बास. माझ्या रूममधला रफीक बापाच्या मय्यतीला पोचला तो याच कार्डावर. पगार थांबले तरी मरणं काही थांबली नाहीत, आणि मी तिकिटं काढत राहिलो.

बँकेत फोन लावला. तिथल्या माणसाने शांतपणे कारणं सांगितली. पगार यायचा थांबला. मालक बदलला, हुद्दा उतरला. कार्ड एकदम भरेपर्यंत वापरलं जातं आणि मग वेगवेगळे लोक येऊन रोकड भरतात. तिकिटांवर नावं भलत्यांची. असं दिसलं की आम्ही ग्राहकाची आर्थिक स्थिती तपासतो, तोवर कार्ड बंद. कंपनीने सांगितलं की हा माणूस कामावर आहे आणि पगाराचं काय झालं, तर उघडता येईल. मी म्हटलं, आत्ताच विचारा माझ्या साहेबाला. मीच नंबर दिला. त्यानंतर काय झालं ते वर सांगितलंच आहे.

मी मोज्यांवर उभा आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ज्या कामासाठी कॅम्पातली पोरं मला दुवा देतात, तेच काम तिकडे संशयाचं. आणि पगार कुणी थांबवला? कंपनीने. चौकशी कुणाची? माझी.

तरी मी हात जोडले. खरं सांगतो, हात जोडले. म्हटलं, साहेब, आई गेली आहे, तुमच्या कार्डावर एक तिकीट काढून द्या. तो म्हणाला, "तुमच्या लोकांच्या भानगडीत माझं कार्ड घालू? उद्या माझीच चौकशी लागली तर?"

जेद्दाच्या शराफिया बाजारातल्या तिकीटवाल्या मल्याळी शेठला फोन केला. त्याने मान दिला, दुःख मानलं, पण आमच्या कंपनीचं नाव ऐकून उधारी नको म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. कॅम्पात सगळ्यांचे खिसे रिकामे. भावाचं होतं नव्हतं ते आईच्या दवाखान्यात गेलेलं.

दुपारी पाटणकरने परत बोलावलं. परत बूट काढले. या वेळी त्याने खुर्ची दिली. एवढी वर्षं त्या ऑफिसात जातोय, खुर्ची पहिल्यांदा मिळाली.

म्हणाला, बँकेला मी पत्र देतो, तासाभरात कार्ड उघडेल, संध्याकाळचं विमान मिळेल. "फक्त तू एवढं लिहून दे, की दोन महिने तू स्वतःहून बिनपगारी रजेवर होतास."

त्या दोन महिन्यांत मी रिकामा एक दिवस बसलो नव्हतो. भर उन्हात टॉवरवर पाइप बांधत होतो.

त्याने कागद पुढे सरकवला, पेन ठेवलं. मी पेन उचललं. हो, उचललं. आईचं तोंड दिसत होतं. उचकी लागली की पदर तोंडाला लावायची, ते दिसत होतं. वाटलं, पगार गेला खड्ड्यात. सही केली असती.

मग तो खालच्या आवाजात, आपलेपणाने म्हणाला, "बाकीच्यांकडूनही असंच घ्यायचंय. तुला मानतात ते. तू केलीस की सगळे करतील."

मी पेन खाली ठेवलं.

म्हणजे माझ्या आईची मय्यत याला कामाला आली होती. ज्यांना मी विमानात बसवलं त्यांच्याच पगारावर माझ्या हाताने माती टाकायची. मी म्हटलं, "नाही करणार."

"मग आईला व्हिडिओवर बघ," पाटणकर म्हणाला.

कॅम्पात रफीक माझ्यावर चिडला. "सही कर रे बाबा, आम्ही बघून घेऊ आमचं," म्हणत रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं, पण उठलो नाही. संध्याकाळचं विमान गेलं.

दुसऱ्या दिवशी मी आईला व्हिडिओवरच बघितलं. साइटवर, पाइपांच्या रॅकमागे उभा राहून. चित्र हलत होतं. चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं, पुन्हा घातलं. माझ्या वाटणीची मूठ भावाने टाकली. वर क्रेन चालू होती. मी ओरडलो, कुणाला ऐकू गेलं नाही. हे दुःख कमी होत नाही. कुणी म्हणेल होतं, तर त्याने माझ्यासमोर म्हणू नये.

संध्याकाळी मी रूममध्ये सगळ्यांना बसवलं. कामगार खात्यात मोबाईलवरून तक्रार करता येते, हे सगळ्यांना माहीत होतं, भीती होती. पहिली मी केली. दुसरी रफीकने. मग कुणाला सांगावं लागलं नाही.

सुनावणीची तारीख लागली तेव्हा पाटणकरने बोलावलं. मी दारापाशी थांबलो, खाली वाकलो नाही, आणि तसाच आत गेलो. बुटांसकट. कार्पेटवर. तो माझ्या पायांकडे बघत राहिला.

"काय पाहिजे तुला?" त्याने विचारलं.

"सगळ्यांचा पगार. माझ्या एकट्याचा दिलात तर घेणार नाही."

कार्ड अजून बंद आहे. बँकेचा माणूस खुलासा मागतो. मी दिला: ती तिकिटं मीच काढली, ती माणसं माझीच आहेत, कार्ड उघडलंत तर परत काढीन. उघडा नाहीतर उघडू नका. सुनावणीला मी जाणार आहे. हाकललं तर हाकललं. आईला माती द्यायला मी नव्हतो, आणि त्या कागदावर माझी सही नाही. या दोन्ही गोष्टी मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि पाटणकरलाही विसरू देणार नाही.