पिंपातली येला

शिमूनने त्या सकाळी सासूला तीन गोष्टी बजावल्या. एक, पाहुण्यांच्या समोर यायचं नाही. दोन, कुणाचाही ग्लास दुसऱ्यांदा भरायचा नाही. तीन, काहीही झालं तरी गायचं नाही.

"आणि श्वास घेतलेला चालेल का जावईबापू?" येलाने विचारलं.

"हळू घ्या," शिमून म्हणाला. बिचारा इतका घाबरलेला होता, की सासू आपली टर उडवतेय हेसुद्धा त्याच्या लक्षात आलं नाही.

खरं तर चूक येलाचीच होती. एप्रिलमध्ये डॅन्यूबवरच्या त्या मोठ्या पांढऱ्या बोटीतून अठ्ठावीस पाहुणे बस करून इलोक गावच्या टेकडीवर, येलाच्या घरच्या तळघरात वाईन चाखायला आले होते. बोटीच्या कंपनीचा नियम असा, की तीन वाईन, प्रत्येकी बोटभर, आणि पाऊण तासात बस परत. आता बोटभर वाईन म्हणजे काय, तुम्हीच सांगा. आमच्याकडे एवढी वाईन ग्लास विसळायला लागते. येलाला रिकामा ग्लास दिसला की तिचा हात आपोआप उचलला जातो. पाहुणे सगळे ऑस्ट्रियाकडचे, पेन्शनीत निघालेले, संस्कारी. ग्लासात काही उरवणं म्हणजे यजमानाचा अपमान, असं त्यांना घरी शिकवलेलं, म्हणून ते संपवायचे. ग्लास रिकामा ठेवणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, असं येलाला घरी शिकवलेलं, म्हणून ती भरायची. दोन्हीकडचे संस्कार इतके चांगले निघाले, की दीड तासाने दोघांना बसमध्ये उचलून बसवावं लागलं. खाली धक्क्यावर कप्तान भोंगा वाजवून वाजवून दमला.

कंपनीने मग इर्मगार्डबाईंना धाडायचं ठरवलं. या बाई कुठल्या तळघरात पाहुणे न्यायचे ते ठरवणाऱ्या. सप्टेंबरात त्या पाहुण्यांबरोबर स्वतः येणार होत्या, आणि त्यांना पटलं तरच पुढच्या वर्षीचं काम मिळणार होतं.

नाही पटलं तर? तर येलाची मुलगी दानित्सा, जावई शिमून आणि सात वर्षांची लुत्सिया आयर्लंडला जाणार होते. शिमूनची बहीण तिथे कॉर्कला असते. तिने शिमूनसाठी वायरमनची नोकरी बघून ठेवली होती आणि रविवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. इलोकात आता अशी कितीतरी घरं आहेत, जिथे सुट्टीतच खिडक्या उघडतात. येला त्या खिडक्यांवरून रोज जायची. पण लेकीसमोर ती काय म्हणायची? "जा गं बाई जा. तरुण आहात. इथे म्हातारीपाशी काय ठेवलंय?" असं म्हणायची आणि मग कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून परसात जाऊन तासभर तिथेच उभी राहायची.

"मी मागच्या तळघरात पिंप धुते," ती शिमूनला म्हणाली. "आठवड्यावर द्राक्षं आलीत. तुमच्या पायातही येणार नाही."

"धुवा, धुवा," शिमून म्हणाला. त्याला हायसं वाटलं.

पिंप धुणं हे येलाचं आयुष्यभराचं काम. अठराव्या वर्षी ती सहकारी वाईन कारखान्यात लागली, ती हुशारीवर नाही, बारीक अंगावर. ओकच्या त्या मोठ्या पिंपांना पुढून खाली एक झडप असते, जेमतेम कलिंगड जाईल एवढी वाटते, आणि त्यातून आत शिरून माणसाने आतला साका घासून काढायचा असतो. मुकादमाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "ही जाईल." तेहतीस वर्षं ती जात राहिली. एक हात आत, मग डोकं, मग खांदा तिरका, मग दुसरा हात, आणि मग बाकीची येला.

पिंपाच्या आत हवा फसवी असते. आधी पेटती मेणबत्ती आत धरायची, ती विझली तर जायचं नाही. आणि गेल्यावर गात राहायचं. बाहेर एक जण बसतो, त्याचं काम एकच, ऐकणं. गाणं चालू, म्हणजे माणूस ठीक. गाणं थांबलं, की दहापर्यंत मोजायचं आणि पाय धरून बाहेर ओढायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण इलोकात शाळेतलं पोरही तो जाणतं.

गाणं म्हणजे तरी काय, दोन ओळींची खोचक जोडकडवी. पहिल्या ओळीत कुणाला तरी धरायचं, दुसऱ्या ओळीत चिमटा काढायचा. लग्नात, पाणवठ्यावर, कुठेही सुचतील तशी म्हणायची. येलाची जीभ अशी तिखट, की मुकादमाचं नाव कडव्यात आलं की बाहेर शंभर माणसं काम थांबवायची. बाहेर बसून ऐकायला अडाम नावाचा मुलगा असायचा. दोन हंगाम त्याने ऐकलं आणि तिसऱ्या हंगामात मागणी घातली. लग्नानंतर तो सगळ्यांना सांगायचा, "ही पिंपात गाते तेव्हा मला काळजी नसते. घरात गप्प बसते, तेव्हा असते." अडाम जाऊन आता आठ वर्षं झाली होती. बाहेर बसायला आता तिची कारखान्यातली मैत्रीण रुझा यायची. रुझाचे गुडघे गेलेत, पण कान शाबूत आहेत.

तीनला बस आली. येलाने मागच्या तळघरातून पावलं ऐकली, खुर्च्या सरकल्या, आणि मग शिमूनचा आवाज. त्याने आठ दिवस जर्मन भाषेत भाषण पाठ केलं होतं. मातीत चुना किती, द्राक्षात साखर किती, पाऊस किती. येलाला शब्द कळत नव्हते, पण पाहुणे जांभया देतायत हे भिंतीपलीकडूनही कळत होतं.

"नमनालाच घडाभर तेल," रुझा म्हणाली. "पाजतो कधी हा?"

"गप. घड्याळाप्रमाणे चाललंय." येलाने मेणबत्ती आत धरली. नीट जळाली. तिने अडामचा जुना कोट चढवला, डोक्याला फडकं बांधलं आणि आत शिरली. एकसष्टाव्या वर्षी खांदा थोडा कुरकुरला, एवढंच.

"गा," रुझा बाहेरून म्हणाली.

"नको म्हणालाय."

"मग बाहेर ये. न गाणाऱ्या बाईची राखण मी करत नाही."

आता आली का पंचाईत? येलाने हळूच गुणगुणायला सुरुवात केली. पण पिंप ते पिंप. त्यात कुजबुजलं तरी देवळातल्यासारखं घुमतं. दोन कडवी झाली, हात चालू लागला, लाल साका निघू लागला, आणि बाईला आपण कुठे आहोत याचा विसर पडला. तिने रुझाच्या गुडघ्यांवर एक म्हटलं, रुझा बाहेर खिदळली. शिमूनच्या बोटभर वाईनवर एक म्हटलं. मग तिच्या डोळ्यांसमोर मघाशी तळघराच्या झरोक्यातून पाहिलेल्या इर्मगार्डबाई आल्या, कडक कॉलर, मनगटावर हे एवढं घड्याळ. आणि येलाने खणखणीत आवाजात धरलं,

"घड्याळ बांधून आली बाई, मिनिटं मोजत बसते..."

पुढची ओळ जिभेवर आली आणि ती थबकली. पलीकडचं भाषण थांबलं होतं. सगळं ऐकू गेलं होतं. तिने तोंडावर हात दाबला आणि अंधारात उकिडवी बसून राहिली, श्वाससुद्धा रोखून.

बाहेर रुझा मोजत होती. आठ, नऊ, दहा. "येला?"

येला गप्प. शिक्षा झालेल्या पोरीसारखी गप्प.

"गाणं थांबलं," रुझा ओरडली.

पुढे जे झालं ते येलाला आतून फक्त ऐकू आलं. काचेचा खळकन आवाज झाला, तो चोवीस ग्लासांचा ट्रे होता. मग धावणारी पावलं. मग झडपेतून जावयाचं डोकं आणि एक हात आत आला, पोट बाहेरच अडकलं, आणि त्या हाताने तिचा घोटा असा धरला, की बाई घसरतच बाहेर आली.

डोळे उघडून बघते तो समोर तीस पाहुणे, हातात सालेन्याक, म्हणजे चरबीची खुसखुशीत पेस्ट्री, तोंडाला तिच्यातला जर्दाळूचा मुरांबा. मध्ये इर्मगार्डबाई. आणि येला जमिनीवर, अडामच्या कोटात, नखशिखान्त जांभळी.

शिमून गुडघ्यांवर बसून तिचे खांदे गदगदा हलवत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गायच्या का थांबलात? आई, गायच्या का थांबलात?"

"तूच नको म्हणालास ना," येला म्हणाली.

"पिंपात? पिंपात गायचं नाही असं म्हणालो मी?" शिमूनला हसू आणि रडू एकदमच आलं. "मेलात असं वाटलं मला. एवढी भांडता रोज, आणि अशा गुपचूप जाणार होतात?"

तिने त्याला 'तू' म्हटलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा. जावईबापू नाही, अहोजाहो नाही. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही, दानित्साच्या मात्र आलं.

एका पाहुण्या आजीबाईंनी काहीतरी विचारलं. दानित्साला जर्मन येत होतं, तिने त्यांना नियम समजावून सांगितला, मेणबत्ती, गाणं, दहापर्यंतची मोजणी. मग इर्मगार्डबाई पुढे आल्या आणि जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलल्या. दानित्साचा चेहरा पडला.

"काय म्हणते?"

"म्हणते, शेवटच्या ओळीतला घड्याळ एवढा एकच शब्द कळला. अर्थ काय?"

"सांग, देवाचं भजन आहे."

"आई, तिला भजन आणि टोमणा यातला फरक कळतो. आणि म्हणते, दुसरी ओळ कुठाय?"

येलाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ग्लास फुटले होते, भाषण बुडालं होतं, आयर्लंड दाराशी उभं होतं. आता लपवून काय मिळणार होतं? शिवाय अर्धं कडवं सोडणं हे तिच्या रक्तातच नव्हतं. ती उठली, कोट झटकला, बाईंच्या न प्यालेल्या ग्लासाकडे पाहिलं आणि दोन्ही ओळी म्हटल्या,

"घड्याळ बांधून आली बाई, मिनिटं मोजत बसते,
हातामधली वाईन तिला बघून खुदकन हसते."

दानित्साने मान खाली घालून जसंच्या तसं भाषांतर केलं. इर्मगार्डबाईंनी ग्लासाकडे पाहिलं. मग मनगटाकडे. आणि एका दमात सगळी त्रामिनात्स वाईन पिऊन त्यांनी ग्लास पुढे केला.

येला हात मागे बांधून उभी राहिली. "दुसऱ्यांदा भरायची मला मनाई आहे. जावयाला विचारा."

ते भाषांतर होताच जे हसू फुटलं, त्याने पिंपंही घुमली. मग काय, त्या आजीबाईंना झडपेत डोकं घालून गायचं होतं. त्यांच्यामागे रांग लागली. कुणी पाळणा म्हटला, कुणी शाळेतलं गाणं, एक टकले आजोबा नुसतेच "हो हो" ओरडून आपलाच आवाज ऐकत राहिले. शिमून भाषणातलं एक अक्षर न बोलता, उरलेल्या ग्लासांत ओतत होता, आणि बोटभर नाही. बस नऊ मिनिटं उशिरा निघाली. त्यातली चार इर्मगार्डबाईंची होती.

निघताना त्या दानित्साकरवी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दर गुरुवारी, एप्रिल ते ऑक्टोबर. पण बाई दर वेळी पिंपात गातील ना?"

"एप्रिलात पिंप भरलेलं असतं," येला म्हणाली. "बुडून मरेन. सुखात मरेन, पण मरेन. तेव्हा या आणि प्या. गाणं ऐकायचं तर सप्टेंबरात या."

"सप्टेंबर वेगळा लिहून ठेवते," बाई म्हणाल्या आणि खरंच वहीत लिहिलं.

बस वळणाआड गेली. शिमूनने रुझाला उचलून गिरकी मारली, रुझाने गुडघ्यांच्या नावाने बोंब ठोकली आणि दोघं बाटली घेऊन अंगणात गेले. येला काचा गोळा करत होती. दानित्सा तिच्याजवळ येऊन बसली. तिचा चेहरा काही उजळला नव्हता.

"आता काय झालं? मिळालं ना सगळं?"

"शिमूनला मिळालं. त्याला राहायचंच होतं. कॉर्कचं मीच काढलं होतं."

"तू?" येलाच्या हातातली सुपली थांबली. "का?"

"कारण मी समोर आले की तू म्हणतेस, जा गं, इथे काय ठेवलंय. एप्रिलपासून रोज म्हणतेस. मला वाटलं, आम्ही तुला नको झालोय. परक्या माणसांना हात धरधरून चार ग्लासांचा आग्रह केलास. मला एकदा तरी राहा म्हणालीस का?"

पोरीचं बरोबर होतं. तिला वाटलं होतं, आपण अडवलं तर पोर आपल्यासाठी थांबेल आणि जन्मभर मनात ठेवेल. म्हणून ती मन मोठं करून बसली होती, आणि पोरीला त्या मोठ्या मनात जागाच दिसली नव्हती.

"राहा," ती म्हणाली. "जाऊ नकोस. मला करमणार नाही. मी कोंबड्यांपाशी जाऊन रडते, दाणे संपले तरी तिथेच उभी असते. लुत्सियाला नेऊ नका माझ्यापासून. राहा गं."

दानित्साने तिच्या ओल्या, जांभळ्या कोटात तोंड खुपसलं. दोघी बराच वेळ तशाच, काचांमध्ये बसून रडल्या. मग दानित्साने नाक पुसलं, खिशातून फोन काढला आणि नणंदेला कळवलं, की आम्ही येत नाही, आईने राहायला सांगितलंय.