उंबरखारच्या बांधावरची हाक

नाशकाहून मी निघालो तेव्हा मला पोचवायला निम्मे शहर लोटले होते, असे लिहिणार होतो. पण बरोबर आबाजीराव होते आणि हे वर्णन तेही वाचणार आहेत. तेव्हा खरे सांगतो, टांगेवाला आणि आमचे कुत्रे एवढीच गर्दी होती. त्यातले कुत्रेही टांग्यामागे चार पावले आले आणि उन्हाला कंटाळून परत फिरले.

आबाजीराव म्हणजे आमच्या लेकीचे, गोदीचे, होऊ घातलेले सासरे. माणूस कमी बोलणारा. मी तासभर बोललो की ते एकदा "असं का!" म्हणतात. मानपान, देणेघेणे यांतले त्यांनी काही विचारले नाही. एवढेच म्हणाले, "तुमच्या पणजोबांचा तो बांध एकदा पाहू. तिथे नमस्कार करू, मग सुपारी फोडू."

तो बांध साऱ्या नाशकाला ठाऊक आहे. कारण आमच्या लाकडाच्या वखारीवर जो कोणी फळी घ्यायला येतो, त्याला मी ती हकिगत फुकट देतो. आमचे पणजोबा धोंडूबाबा डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या उंबरखारचे शेतकरी. उधाणाच्या भरतीने बांध फोडला तेव्हा ते त्या भगदाडात आडवे झाले आणि पाणी ओसरेपर्यंत उठले नाहीत. साऱ्या गावचा भात वाचला. मूळ हकिगत वडिलांनी सांगितली तेव्हा पाणी गुडघाभर होते. माझ्या तोंडी ते दर खेपेला हातभर चढत गेले, आणि अलीकडे तर त्यात एक मगरही आली होती. ते गाव मात्र मी जन्मात पाहिले नव्हते. त्यामुळे आबाजीरावांनी बांधाचे नाव काढताच मी आधी उन्हाचे, मग वखारीच्या कामाचे निमित्त सांगून पाहिले.

कसाऱ्याचा घाट उतरताना आगगाडी बोगद्यांत शिरे, अंधार होई, तरी मी बोलतच होतो. एका बोगद्यातून बाहेर आलो तर आबाजीराव समोरच्या बाकावर जाऊन बसले होते.

कल्याणला उतरून आम्ही बंदरावर गेलो. मिठाने लादलेली गलबते लागली होती; हवेला ओल्या जाळ्यांचा आणि सुकवलेल्या मासळीचा वास. एक होडीवाला ओहोटीबरोबर खाली जायला निघाला होता.

"कोनाकडं जायाचा?" त्याने विचारले.

"उंबरखारला. आमचे मूळ गाव!" मी असे म्हणालो की पलीकडच्या गलबतावरचे कावळे उडाले.

"मंग बऱ्या दिशी आलाव. आज मातीचा दिस हाय."

मातीचा दिस म्हणजे बांध-दुरुस्तीचा दिवस. वैशाखात भांग (नरम भरती) लागली, की पावसाळ्याच्या आत सारा गाव बांधावर उतरतो, असे त्याने सांगितले. खाडीचे खारे पाणी शेतात शिरले तर दोन-तीन साल दाणा पिकत नाही. म्हणून बांध हाच तिथला खरा देव.

होडी चालू लागली. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी दाटी, मधून मधून मिठागरांतले पांढरे ढीग. डावीकडे ठाकुर्लीच्या बाजूला आगगाडीचा धूर लांबवर लोंबकळत होता. आबाजीराव पाण्याकडे बघत म्हणाले, "मगरी दिसत नाहीत."

"उन्हात त्या खाली असतात," मी म्हणालो.

"असं का!"

उंबरखारला धक्का नाही. होडीतून मी पूर्वजांच्या भूमीवर मोठ्या रुबाबात पाऊल टाकले आणि मांडीपर्यंत चिखलात गेलो. एक जोडा तिथेच राहिला. दोघा गड्यांनी मला मुळ्यासारखा उपटून वर घेतले. बांधावर बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सारा गाव चिखलाची ढेकळे रचून उभा होता. ते श्रोते बघून मला राहवले नाही. एका पायात जोडा तसाच ठेवून मी गर्जलो, "मंडळी, मी धोंडूबाबांचा पणतू! ते खाडीत आडवे झाले ती जागा दाखवा. आमचे व्याही नाशकाहून नमस्काराला आले आहेत!"

मग एक वाळकी म्हातारी पुढे आली. तिला सारे हिरूआये म्हणत होते. तिने माझी हनुवटी धरून तोंड इकडे-तिकडे फिरवले.

"धोंडूचाच रं बाला तू. आडवा झालता, खरा हाय. पन खाडीत नाय. त्या आंब्याखाली."

"आंब्याखाली?"

"झोपाय! मातीच्या दिशी सगली ढेकला टाकीत व्हती, आन् तो लोकांस्नी गोष्टी सांगीत व्हता. मंग झोपला. पाटलानं इचारला, तुजा बांद झाला काय? तर बोलला, हत्ती उभा कर त्याच्यावर! पावसात उधान आला आन् तितंच खांड (बांधाला भगदाड) परली. हत्ती कशाला, बगला बी उभा ऱ्हायला नसता."

गावाला ही गोष्ट पाठ असावी. बगळ्यापाशी सारे हसले. त्यात कुचकेपणा नव्हता आणि म्हणूनच मला ते हसणे सोसेना.

"मग गावाने त्यांना हाकलले?" हे आबाजीरावांनी विचारले. आख्ख्या प्रवासातला त्यांचा पहिला प्रश्न.

"नाय वो. कोन कायच बोलला नाय. त्येच त्याला सोसला नाय. सकाली पोराबालांना घेऊन होडीत बसला."

मी बांधाकडे बघत राहिलो. तेवढ्यात पाटील पुकारू लागले. तिथली रीत अशी, की बांधाचा एकेक वाटा एकेका घराचा. पाटील घराचे नाव पुकारतात, त्या घरचे माणूस "हाय!" म्हणते आणि आपल्या वाट्यावर पहिले ढेकूळ टाकते. ज्या घराची हाय येत नाही, त्याचे नाव पुकारीतून गळते आणि गावदेवीपुढचा त्याचा नारळही बंद होतो.

"आमचे नाव केव्हाच गळले असेल," मी हळूच म्हणालो.

"गलंल कसा?" हिरूआये म्हणाली. "तुमचा वाटा आमच्या शेताला लागून. माजी आजेसासू हाय बोलली, मंग सासू, आता मी. कवा तरी त्याचा कोन येल, तवा घर नसला तरी नाव असावा ना!"

त्या खांडीने पहिले बुडाले ते यांचेच शेत, हे मला तिथे उभे राहिल्यावर समोर दिसत होते. ते तिने सांगितले नाही.

"धोंडूचा घर!" पाटलांनी पुकारले.

सारा गाव माझ्याकडे वळला. माझा आवाज म्हणजे पंचवटीत शिंकलो तर त्र्यंबकला लोक "सत्य आहे" म्हणतात. तो आवाज त्या वेळी निघेना. तोंड उघडले, मिटले. पाटलांनी पुन्हा पुकारले. आबाजीराव माझ्याकडे बघत होते. शेवटी माझ्या बगलेजवळून एक पिचलेला, चिरका आवाज आला.

"हाय!"

माझी वाट बघून थकलेल्या हिरूआयेनेच आमच्या घराची हाय दिली होती.

त्यानंतर मी दुसरा जोडा काढून फेकला आणि ढेकळे वाहिली. माझी निम्मी घसरून खाडीत गेली. शेजारी बघतो तो आबाजीराव पागोटे खुंटीवर ठेवावे तसे तिवरावर ठेवून आमच्याच वाट्यावर माती चेपत होते. नमस्कार त्यांनी केला नाही. दुपारी बांधावरच तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण खाल्ले. इतके चवदार अन्न मी इतक्या खाली मान घालून कधी खाल्ले नव्हते.

भरती लागली, तसे आम्ही परतायला होडीत बसलो. हिरूआये काठावर आली.

"पुढल्या साली येशील ना रं? माजा गला आता बसत चाललाय. सुनेला त्याचा काय नाय."

"येईन म्हणजे काय!" मी उसळलो. "पन्नास गडी आणीन, दगडी बांध घालीन, वर..."

ती हसली. गोष्टीतला धोंडूच समोर दिसावा तसे ते हसणे होते. माझे वाक्य तिथेच राहिले.

परतीच्या गाडीत बोगदे आले आणि गेले, मी बोललो नाही. इगतपुरीला चहा घेताना आबाजीराव म्हणाले, "गोदी कोणावर गेली आहे? तुमच्यावर की आईवर?"

"आईवर," मी म्हणालो.

"मग सुपारी फोडू."

लग्न मार्गशीर्षात झाले. वखारीवर लोक अजून मगरीची गोष्ट मागतात. मी फळ्यांची लांबी सांगतो. वैशाख जवळ येतो आहे. दगडी बांध, पन्नास गडी हे काही माझ्याने व्हायचे नाही. म्हणून रोज सकाळी गोदावरीच्या काठी, कोणी नसेल अशा जागी जातो आणि तेवढा एकच शब्द म्हणून बघतो. अजून तो नीट निघत नाही.